शुद्ध पाठ

श्रद्धा, भावना आणि बुद्धी या तिघी जावा एका घरात नांदायच्या नाहीत, असे आपण धरूनच चालतो. एकीने चूल पेटवली की दुसरीने वेगळे निघायचे! मला मात्र हा विषय निघाला की पैठणच्या एकनाथांची आठवण होते.

ज्ञानेश्वरी सांगून झाली शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली. पुढे तिच्या नकला होत गेल्या. कुठे नकलणाऱ्याचा हात चुकला, कुठे जुना शब्द कळेना म्हणून सोपा आला, कुणी भक्तीच्या भरात पदरची ओवीही घातली. जवळजवळ तीनशे वर्षे हे चालले. शके 1506 मध्ये, 1584 साली, एकनाथांनी ग्रंथ शुद्ध केला आणि यापुढे कुणी त्यात आपली ओवी मिसळू नये अशी ताकीदही दिली. काम निव्वळ बुद्धीचे. पण नुसत्या बुद्धीला एवढी उस्तवार कोण सांगतो? ज्यांच्यावर जीव जडला त्यांच्या तोंडी भलता शब्द नको, ही तळमळ भावनेची; आणि मूळ शब्द शोधण्याच्या मोलाचा आहे, ही श्रद्धा.

हे मी वर्गात दरवर्षी शिकवतो. घरी सांगण्याची पाळी आली तेव्हा मात्र जीभ जड झाली. आई रोज ज्ञानेश्वरीचे एक पान वाचते. तिच्या जुन्या पोथीत एका ओवीत छापण्याची चूक आहे. चाळीस वर्षे ती तोच शब्द मनोभावे म्हणत आली. सांगावे की न सांगावे? वडील गेले त्या वर्षी याच पोथीने तिला सावरले होते. अक्षर सुधारायला जावे आणि आधारच हलावा, तर?

शेवटी सांगितले. तिने चष्मा पुसला, ओळ पुन्हा पाहिली आणि म्हणाली, "मग पेन्सिलीने नीट लिही की! माउलींचा शब्द आहे, त्यात छापखान्याचा कशाला?"

दुसऱ्या दिवशी त्या जागी तिची जीभ सवयीने जुन्याच शब्दाकडे गेली. ती थांबली, मागे आली, खरा शब्द म्हणून पुढे गेली. आवाज नेहमीसारखाच भरून आलेला होता.

पोथी मिटताना म्हणाली, "तुला इतकं कळतं, तर रोज एक पान वाचत का नाहीस रे?"

परीक्षेत मी असले प्रश्न घालत नाही.