मॅगझिनच्या जागी लाकूड

१/ माझे आजोबा, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, १९६५ साली पोलीस शिपाई म्हणून भरती झाले. सोलापुरात बंदोबस्ताला उभे राहताना त्यांच्या खांद्यावर .४१० मस्केट असे. तिच्या पोटात लाकडाचा ठोकळा होता, ही गोष्ट ते आम्हा नातवंडांना हसत हसत सांगत. इतिहासाच्या पदव्युत्तर अभ्यासाला लागेपर्यंत मलाही ती गंमतच वाटे. आजचा धागा त्या ठोकळ्याविषयी.

२/ आधी बंदूक समजून घेऊ. ही मस्केट दिसायला हुबेहूब ली-एनफिल्ड रायफलीसारखी, कारण ती त्याच रायफलीवरून घडवलेली. .३०३ रायफलीच्या नळीत पीळदार आटे असतात. त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत दूरवर अचूक जाते. बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात या रायफलीचे रूपांतर गुळगुळीत नळीच्या बंदुकीत होई. तत्त्वतः ती छऱ्यांची बंदूकच झाली. एक गोळी किंवा मोठे छरे, आणि तेही थोड्या अंतरापुरते.

३/ दुसरा बदल अधिक बोलका आहे. मूळ रायफलीला दहा काडतुसांचे मॅगझिन असते. मस्केटीत ते काढून त्या पोकळीत लाकूड बसवत. एक काडतूस हाताने घालायचे, झाडायचे, बोल्ट मागे ओढून रिकामे काडतूस बाहेर टाकायचे आणि मग पुढचे घालायचे. काडतूसही वेगळे. मस्केटीचे काडतूस सरळ नळकांड्यासारखे असल्याने ते लष्करी रायफलीत बसत नसे.

४/ काळाच्या संदर्भात हे पाहावे. १९०० च्या सुमारास जॉन ब्राउनिंग या अमेरिकी कारागिराने स्वयंभरणाऱ्या छऱ्याच्या बंदुकीचे पेटंट घेतले आणि पुढे बेल्जियमच्या एफएन कारखान्यात ती तयार होऊ लागली. नळीखालच्या नळकांडी मॅगझिनमध्ये काडतुसे भरायची. बार उडाला की धक्क्याच्या जोरावर रिकामे काडतूस बाहेर पडे आणि पुढचे आपोआप नळीत येई. मात्र हलक्या व जड काडतुसांसाठी आतील घर्षणकडी बदलून लावावी लागे. ती चुकली की एक तर बंदूक अडे किंवा यंत्रणेवर नको तेवढा ताण येई. म्हणजे तेथे भरवशाचा प्रश्न यंत्राचा होता.

५/ मस्केटीत अडण्यासारखे फारसे काही नव्हतेच. यंत्र म्हणून ती अत्यंत भरवशाची. येथे भरवशाचा प्रश्न माणसाचा होता.

६/ त्याचे मूळ १८५७ मध्ये आहे. उठावानंतर हिंदी शिपायांसाठी एनफिल्डचा गुळगुळीत नळीचा नमुना काढण्यात आला. तो १८५८ चा नमुना म्हणून ओळखला जातो. १८५९ च्या पील आयोगाच्या शिफारशींनंतर तोफखाना बहुतांशी गोऱ्यांच्या हाती ठेवला गेला. पुढे गोऱ्या पलटणींना मॅगझिनची ली-मेटफर्ड मिळाली, तेव्हा हिंदी पलटणींना एकबारी मार्टिनी-हेन्री देण्यात आली. हिंदी हातातील शस्त्र एक पिढी मागे ठेवायचे, हे धोरणच होते.

७/ दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. ब्रिटिश सैन्याचा स्वतःच्या शिपायांवरही पुरता विश्वास नव्हता. त्यांच्या रायफलींना मॅगझिन बंद करणारी सरकती पट्टी असे. शिपायाने एकेक काडतूस हाताने भरावे आणि मॅगझिन आणीबाणीसाठी राखावे, अशी अपेक्षा. पहिल्या महायुद्धात ही पट्टी नव्या रायफलींवरून वगळली गेली. पट्टी हवी तेव्हा सरकवता येत होती. लाकडाचा ठोकळा मात्र कायमचा होता.

८/ या अविश्वासामागची भीती आपल्याच शहरात उघडी पडली. ८ मे १९३० रोजी पोलिसांच्या गोळीबारात शंकर शिवदारे हुतात्मा झाले. संतप्त जमाव मंगळवार पेठ पोलीस चौकीवर चालून गेला. दोन पोलीस मारले गेले. पुढचे तीन दिवस शहरात ब्रिटिश अंमल जवळजवळ उरला नव्हता. १२ मे रोजी मार्शल लॉ आला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. शिपायाचे शस्त्र उद्या जमावाच्या हाती गेले तर? किंवा शिपाईच जमावाला मिळाला तर? परक्या राज्यकर्त्याला हे प्रश्न सतत छळत असणार.

९/ १९४७ साली ती भीती संपायला हवी होती. तरी अठरा वर्षांनी तात्यांच्या हातात जी बंदूक आली, तिच्यात ठोकळा तसाच होता.

१०/ गेल्या दिवाळीत मी हे सारे तात्यांना सांगितले. सांगावे की नाही, या विचारात दोन दिवस गेले होते. ज्या बंदुकीला तेल लावत त्यांनी उमेदीची वर्षे काढली, तिच्या घडणीतच त्यांच्यावरचा अविश्वास होता, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचे?

११/ ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आम्हाला वाटायचं, सरकारनं काटकसर केली." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "एका अर्थी बरंच झालं की. समोर गिरणीची माणसं असायची. त्यात माझा सख्खा मेहुणा. एकच बार आहे म्हटल्यावर माणूस दहादा विचार करतोय."

१२/ "आणि जमाव अंगावर आला असता तर?" मी विचारले. "तर मेलो असतो," तात्या शांतपणे म्हणाले आणि आजीला चहा टाकायला सांगितले.

१३/ अभ्यासात मी त्या ठोकळ्याकडे साम्राज्याच्या अविश्वासाचा पुरावा म्हणून पाहतो आणि ते निदान मला अजूनही बरोबर वाटते. पण तात्यांचे उत्तर त्यात बसत नाही. चार हुतात्मा पुतळ्यांवरून जाताना हल्ली मला चौकीतले ते दोन पोलीसही आठवतात. त्यांच्या घरी ती बातमी कोणी नेली असेल?