जहाजाने गेलेले हाजी आणि आमची वर्गणी

आमच्या खाडीकाठच्या गावात वर्गणी ही नवी गोष्ट नाही. मस्जिदीच्या छपराला वर्गणी, कब्रस्तानच्या कुंपणाला वर्गणी, मदरशाच्या पंख्यांना वर्गणी. जुमाच्या नमाजनंतर रुमाल पसरला की हात आपोआप खिशात जातो. पण दोन वर्षांपूर्वी आमच्याच शाळेत शिकून मुंबईला गेलेला एक मुलगा जमातीसमोर उभा राहिला आणि त्याने माहितीपटासाठी पैसे मागितले, तेव्हा कोणाचाच हात खिशात गेला नाही.

त्याचे म्हणणे साधे होते. आपल्या भागातून जहाजाने हजला गेलेले लोक आता मोजकेच उरले आहेत. त्यांच्या तोंडून तो प्रवास ऐकायचा, कॅमेऱ्यात जतन करायचा. कॅमेऱ्याचे भाडे, आवाज टिपणारा माणूस, संकलन, जुनी छायाचित्रे मिळवण्याचा खर्च असे सगळे मिळून ३ लाख ८० हजार रुपये. स्वतःसाठी तो एक पैसा घेणार नव्हता.

आज मुंबईहून जिद्दाला विमानाने पाच-सहा तासांत पोहोचता येते. आमच्या मुलांना तेवढेच माहीत. पण १९९५ पर्यंत मुंबईहून हजची जहाजे सुटत होती. मोगल लाइनची मुहम्मदी, मुझफ्फरी, नूरजहान, अकबर ही नावे आमच्या आजी-आजोबांच्या तोंडी घरातल्या माणसांच्या नावांसारखी असत. १९८६ मध्ये ही कंपनी शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली आणि पुढे नऊ वर्षांनी हजचा समुद्रमार्गच बंद झाला. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने हाजींसाठी वेगळ्या नोटा छापल्या होत्या, हे तर आम्हा शिक्षकांनाही ठाऊक नव्हते.

म्हणून आम्ही तीन-चार शिक्षक आणि मोहल्ल्यातल्या काही महिला या कामात पडलो. पहिल्याच बैठकीत तीन प्रश्न समोर आले आणि तिन्ही खरे होते.

पहिला प्रश्न एका हज्जन दादींनी विचारला. "हज अल्लाहसाठी केला, बेटा. तो आता लोकांना दाखवायचा? मग रिया कशाला म्हणतात?" दुसरा प्रश्न तरुणांचा होता. जकातीतून पैसे दिले तर चालतील का? इमाम साहेबांनी स्पष्ट सांगितले की चालणार नाही. सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांचा हक्क फिल्मकडे वळवता येणार नाही. तिसरा प्रश्न कोणी विचारला नाही, पण तो आमच्या डोळ्यांसमोर बसला होता. मागच्या रांगेत एक बेवा बहीण दोन मुलींना घेऊन आली होती. तिच्या घराची कौले मागच्या पावसात गेली होती आणि वर निळे प्लास्टिक बांधलेले होते. तिच्यासमोर पावणेचार लाखांच्या फिल्मचे बोलताना आमची जीभ अडखळली.

त्या रात्री आम्ही घरी जाऊन बराच वेळ विचार केला. दुसऱ्या बैठकीत ठरले ते असे. जकात आणि सदक्याचा पैसा या कामात घ्यायचा नाही. आधी त्या बहिणीचे छप्पर, मग फिल्म. ज्यांना चेहरा दाखवायचा नाही त्यांचा फक्त आवाज घ्यायचा, आणि ज्यांना तेही नको त्यांना आग्रह करायचा नाही. खर्चाची वही मस्जिदीच्या वऱ्हांड्यात ठेवायची, कोणीही उघडून पाहावी. मुलानेही खर्च कमी केला. दोन कॅमेऱ्यांऐवजी एक, हॉटेलऐवजी आमच्या घरी मुक्काम. आकडा २ लाख ६० हजारांवर आला.

छप्पर मे महिन्यात झाले. त्यानंतर मात्र हात खिशात जाऊ लागले. कुवेत आणि कतारला असलेल्या मुलांनी पैसे पाठवले. महिलांनी सांदण आणि नारळाच्या वड्या करून ईदच्या आधी विकल्या, त्यातून ३१ हजार आले. एका मासळी विकणाऱ्या खालांनी रोज १० रुपये बाजूला टाकून सहा महिन्यांनी पिशवीच आणून दिली. पैसे मोजताना त्या म्हणाल्या, "माझे वालिद डेकवर झोपून गेले होते. त्यांचं नाव कुठंतरी येऊ दे."

शाळेत आम्ही मुलांकडून एक रुपयाही घेतला नाही. त्याऐवजी आठवी-नववीच्या मुलांना गृहपाठ दिला. घरातल्या, शेजारच्या, नात्यातल्या जहाजाने गेलेल्या प्रत्येक हाजीचे नाव, साल, जहाज आणि सोबत कोण होते, हे विचारून लिहून आणायचे. पंधरा दिवसांत वहीत ६३ नावे झाली. त्यातले हयात नऊ. बाकीच्या नावांपुढे मुलांनी मरहूम, मरहूमा असे लिहिले होते. एका नावापुढे मात्र एवढेच होते: "हजहून परत आले नाहीत. कब्र माहीत नाही."

हयात नऊ जणांत एक भंडारी चाचा होते. ते हाजी म्हणून आणि नोकर म्हणूनही जहाजावर गेलेले. जहाजाच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्याला भंडारी म्हणत, तेच नाव त्यांना चिकटले. आमच्या यादीत सर्वांत जास्त सांगण्यासारखे त्यांच्याकडे होते. मुलगा म्हणाला, पहिले चित्रीकरण त्यांचेच करू. पण तेव्हा ४० हजार कमी पडत होते. आम्ही म्हणालो, ईदनंतर करू. पैसे पूर्ण होऊ देत, काम नीट होऊ दे.

गेल्या वर्षी रमजानच्या दुसऱ्या अशऱ्यात भंडारी चाचांचा इंतकाल झाला. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.

त्यांच्या जनाज्यात आमच्या मनात एकच गोष्ट होती. आम्ही पैशांची वाट पाहत बसलो आणि ज्याच्यासाठी पैसे जमवत होतो तोच माणूस गेला. कोणी आम्हाला दोष दिला नाही. पण तो आमचाच होता.

चाळिसावा झाल्यावर त्यांची नात, आमच्या नववीतली मुलगी, फोन घेऊन आली. गृहपाठासाठी तिने दादांचे बोलणे रेकॉर्ड केले होते. ११ मिनिटे. मागे मिक्सरचा आवाज, मध्येच कोंबडी ओरडते. चाचा सांगतात की पहाटे तीनला भट्टी पेटायची, शेकडो माणसांचा भात शिजायचा, लाट मोठी आली की डेग दोरीने बांधावी लागायची. यलमलम जवळ आले की भोंगा व्हायचा आणि एका तासात सगळे जहाज पांढरे होऊन जायचे. मग त्यांचा आवाज खाली येतो. परतीच्या वाटेवर कोणी वारले तर जहाजावरच गुस्ल, कफन आणि नमाज. जहाज हळू करायचे आणि जनाजा समुद्रात सोडायचा. "एक तर आपल्याच तालुक्यातला होता. मीच हात दिला होता. नाव... थांब, आठवेल. नंतर सांगतो." नात म्हणते, "बरं दादा." आणि रेकॉर्डिंग संपते.

त्यानंतर आम्ही थांबलो नाही. होते तेवढ्या पैशांत आठ दिवसांनी काम सुरू केले. रिया म्हणून अडलेल्या हज्जन दादींनी स्वतः निरोप पाठवला की चेहरा नाही, पण बोलेन. १९७६ साली दिवाळीनंतर त्या आपल्या वालिदांबरोबर मोटारीने आणि लाँचने मुंबईला गेल्या होत्या. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम, सोबत तांदूळ, सुकी मासळी, लोणच्याची बरणी आणि दोघांची कफने. कॅमेऱ्यात फक्त त्यांचे हात दिसतात, तसबीह फिरवणारे. त्या म्हणतात, "कफन नेताना भीती नव्हती वाटली. परत आणताना रडले. वाटलं, अल्लाहनं ठेवून नाही घेतलं."

फिल्म ३८ मिनिटांची झाली. शाळेच्या सभागृहात दाखवली तेव्हा खुर्च्या कमी पडल्या, महिला सतरंजीवर बसल्या. भंडारी चाचांच्या आवाजाच्या वेळी पडदा काळाच ठेवला आहे. फक्त आवाज, मिक्सर आणि कोंबडी. कोणी हसले नाही.

फिल्म संपल्यावर खाडीपलीकडच्या गावातले एक काका आमच्याकडे आले. वहीतले ते "कब्र माहीत नाही" लिहिलेले नाव त्यांच्या वालिदांचे. पन्नाशी उलटलेला माणूस, पण लहान मुलासारखे विचारत होता, "टीचर, ते माझे बाबाच असतील का हो? चाचांनी हात दिला ते?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. साल जुळत होते, जहाज जुळत होते की नाही ते कळत नव्हते आणि सांगणारा गेला होता. आम्ही हो म्हणालो असतो तर त्यांना बरे वाटले असते, पण खोटे कसे बोलणार? आम्ही म्हणालो, "काका, माहीत नाही. पण जो कोणी होता त्याला गुस्ल मिळाला, कफन मिळाले, नमाज झाली आणि आपल्याच माणसाचा हात लागला." ते थोडा वेळ उभे राहिले. मग तिथेच त्यांनी हात उचलले आणि सगळ्या सभागृहाने मगफिरतची दुआ केली.

वहीत आता ४,२०० रुपये शिल्लक आहेत. जमातीने ठरवले की ते पुढच्या कामासाठी ठेवायचे. पण पुढच्या कामाला पैसे लागणार नाहीत, हे आता आम्हाला कळले आहे. वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्याही घरात एखादी दादी, एखादे नाना जहाजाने हज करून आलेले असतील. आज इशानंतर त्यांच्याजवळ बसा. फोन बाजूला उशीवर ठेवा आणि विचारा. नाव आठवत नसेल आणि "नंतर सांगतो" म्हणाले, तर उठू नका. चहा करून आणा, पुन्हा बसा.