आम्हीं लॅपटॉप घेतला

मनुष्याच्या संसारांत कांहीं खरेद्या अशा असतात, कीं प्रत्यक्ष खरेदीस एक तास लागला तर तिच्या विचारास एक वर्ष लागतें. चष्मा, घड्याळ आणि शिवणयंत्र यांविषयीं आमच्या घरीं हा अनुभव पूर्वींच आलेला होता. सन २०२४ च्या पावसाळ्यांत त्यांत लॅपटॉपची भर पडली. शाळामास्तरानें लॅपटॉप घेतला यांत आज नवल तें काय, असें आमचे विद्यार्थी विचारतील, आणि त्यांचें म्हणणें यथार्थच आहे. तथापि त्या खरेदीच्या निमित्तानें आम्हांस पुन्हां एकदां विद्यार्थ्याच्या बांकावर बसावें लागलें, आणि त्या बांकावर जें शिकलों तें आमच्या वाचकांस सांगावेंसें वाटतें.

आमचा जुना संगणक २००८ सालचा. खोलीचा एक कोपरा त्यानें अडविलेला होता, आणि सुरू होतांना तो दम्याच्या रोग्याप्रमाणें धापा टाकीत असे. तरीहि सोळा वर्षें त्यानें आमच्या प्रश्नपत्रिका, गुणपत्रकें व स्नेहसंमेलनाचीं भाषणें इमानेंइतबारें वाहिलीं. शिराळ्याचा पाऊस ज्यांना ठाऊक आहे, त्यांना चांदोलीच्या डोंगराकडून ढग उतरूं लागले म्हणजे विजेची काय अवस्था होते हें सांगावयास नको. जुलै महिन्यांतील एका संध्याकाळीं दिवे तीनदां गेले व तीनदां आले. तिसऱ्या वेळीं दिवे आले, पण संगणक आला नाहीं. दुरुस्ती करणाऱ्या तरुणानें त्याचें पोट उघडून पाहिलें आणि "सर, आतां याला निवृत्त करा," असा निकाल दिला.

सुदैवानें महत्त्वाच्या फाइली आम्हीं उन्हाळ्याच्या सुटींत एका पेन ड्राइव्हवर उतरून ठेविल्या होत्या. त्यांपैकीं एकीविषयीं येथें सांगणें अवश्य आहे. आमचे वडीलहि शिक्षकच होते. उतारवयांत काचबिंदूनें त्यांची दृष्टि गेली. २०१० च्या हिवाळ्यापासून पुढें वर्षभर रोज संध्याकाळीं खाटेवर बसून ते आपल्या आठवणी सांगत, आणि आम्ही त्या संगणकावर उतरून घेत असूं. अशीं ८४ पानें झालीं. २०१२ सालीं ते वारले. वही नाहीं, हस्तलिखित नाहीं. त्यांच्या आयुष्याचें जें कांहीं शब्दरूप उरलें, तें त्या एका फाइलींत. नवें यंत्र घेण्याची आमची घाई होती ती तिच्यासाठीं.

पेठ नाक्यावर गाडी बदलून आम्ही कोल्हापुरास गेलों. सोबत आमचें कुटुंब होतें. कारण पैशाचा बटवा त्यांच्याकडे असतो. दुकानांतील तरुणानें "सर, काम कोणतें करणार?" असें विचारलें. "मराठी लिहिणार," असें आम्हीं उत्तर दिलें. त्यानें आमच्याकडे किंचित् सहानुभूतीनें पाहिलें, आणि मग रॅम, प्रोसेसर, एसएसडी असा शब्दांचा वर्षाव सुरू केला. न समजलेली गोष्ट समजल्याप्रमाणें मान हलविणारे विद्यार्थी आम्ही वीस वर्षें वर्गांत पाहत आलों आहों. त्या दिवशीं आमची मान अगदीं तशीच हलत होती. अखेर आमच्या कुटुंबानेंच त्यास थांबविलें. "हें सगळें आम्हांला कळेल असें सांगा कीं," त्या म्हणाल्या.

तरुण हुशार होता. तो म्हणाला, "बाई, रॅम म्हणजे काम करण्याचें टेबल आणि एसएसडी म्हणजे कपाट. टेबल मोठें असलें म्हणजे एका वेळीं जास्त पुस्तकें उघडून ठेवतां येतात. कपाट मोठें असलें म्हणजे जास्त पुस्तकें साठवतां येतात. यंत्र बंद झालें कीं टेबल रिकामें होतें; कपाटांतलें तसेंच राहतें." याहून चांगला दृष्टान्त आम्हांसहि सुचला नसता. आम्हीं १६ जीबीचें टेबल व ५१२ जीबीचें कपाट पसंत केलें, ५४,००० रुपये मोजले (त्यांत १८ टक्के वस्तु व सेवा कर आला), आणि खोकें काखेंत मारून निघालों.

परतीच्या एसटींत खोक्यावरील चिठ्ठी वाचली. आयात केलेल्या अशा मालावर आयातदाराचें नांव, कमाल किंमत व मूळ देश छापावा असा नियम आहे. मूळ देश होता चीन. "एवढे पैसे दिले आणि वस्तु परदेशची! आपल्याकडे होत नाहींत का?" असा प्रश्न शेजारून आला. प्रश्न रास्त होता. लॅपटॉपची जुळणी भारतांतहि होते. परंतु बाहेरून येणारा माल अद्याप फार मोठा आहे. १९९७ सालीं भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती-तंत्रज्ञान करारांत सामील झाला, आणि त्यायोगें संगणकावरील आयात शुल्क पुढें शून्यावर आलें. येथें कारखाने वाढावे म्हणून ३ ऑगस्ट २०२३ रोजीं केंद्र सरकारनें लॅपटॉपच्या आयातीस परवान्याची अट जाहीर केली. मग ती लांबणीवर टाकून, १ नोव्हेंबर २०२३ पासून आयातदारांनीं नोंदणी करून अनुमति घ्यावी, अशी व्यवस्था झाली.

आणि खरें पाहतां "चीन" हें उत्तर भूगोलाच्या पेपरांत अर्धेच गुण मिळविणारें आहे. चीनमधील चोंगचिंग हें शहर लॅपटॉपच्या जुळणीचें मोठें केंद्र. पण जुळणी करणाऱ्या मोठ्या कंपन्यांपैकीं कित्येक तैवानच्या. स्मृतिचिपांचा मोठा भाग दक्षिण कोरियाच्या कंपन्यांचा. प्रोसेसरचा आराखडा बहुधा अमेरिकेचा. आणि अतिसूक्ष्म चिपा कोरणारीं यंत्रें नेदरलंड्समधील वेल्डहोव्हनचीं. अर्धी पृथ्वी मांडीवर घेऊन आम्ही त्या संध्याकाळीं वारणेच्या खोऱ्यांत परतलों.

रात्रीं यंत्र मांडलें. त्यानें परीक्षकाप्रमाणें एकामागून एक प्रश्न विचारले: देश कोणता, भाषा कोणती, इंटरनेट कोठें आहे. इंटरनेट मोबाइल फोनांतून आणावें लागलें, आणि पावसांत तें थेंबाथेंबानें आलें. परवलीचा शब्द म्हणून आम्हीं सुचविलेले चार शब्द यंत्रानें नापास केले. पांचवा पास केला, पण तो आमच्याच लक्षांत राहीना. बोटाचा ठसा घेतांना खडूनें झिजलेलें आमचें बोट त्यास ओळखूं येईना. पुढें "अद्ययावत् होत आहे" अशी पाटी लागली आणि आंकडा मुंगीच्या पावलांनीं चढूं लागला. साठ टक्क्यांवर वीज गेली. घर काळोखांत बुडालें. पण ज्या काळोखानें जुन्या संगणकाचे प्राण घेतले, त्याच काळोखांत हें यंत्र आपल्या बॅटरीवर शांतपणें जागें होतें. आम्हांस मोठें कौतुक वाटलें.

दुसऱ्या दिवशीं पेन ड्राइव्ह लावला व वडिलांची फाइल उघडली. पडद्यावर मराठीचें एकहि अक्षर नव्हतें. इंग्रजी अक्षरें, कंस, टक्क्यांचीं चिन्हें व उद्गारचिन्हें यांचा ८४ पानें भरून उकिरडा पसरला होता. यंत्र बंद केलें, पुन्हां सुरू केलें, उकिरडा तसाच. जुना संगणक तर मेलेला. त्या रात्रीं आम्हांस झोप आली नाहीं. वडील आपले दुसऱ्यांदा वारले, आणि या वेळीं दोष आपला, असें सारखें वाटत होतें.

सकाळीं शाळेंत आमची मुद्रा पाहून नववींतील एका मुलीनें विचारलें, "सर, बरें नाहीं का?" आम्हीं हकीकत सांगितली. ती हंसली नाहीं. "सर, फाइल बिघडलेली नाहीं. तिचा फॉन्ट नव्या मशिनांत नाहीं. माझे मामा लग्नपत्रिका कंपोज करतात, त्यांच्याकडे असें नेहमीं होतें. फॉन्टचें नांव काय?" नांव आम्हांस आठवेना. "मग त्यांतलें एखादें छापलेलें पान आहे का?" पान होतें. वडिलांच्या आठवणींचीं पहिलीं चार पानें २०११ सालच्या शाळेच्या वार्षिक अंकांत छापलीं होतीं. संध्याकाळीं तो अंक घेऊन आम्ही मामांच्या दुकानीं गेलों. त्यांनीं "श्र" व "क्ष" यांचीं वळणें पाहिलीं मात्र, आणि फॉन्टचें नांव सांगितलें. गुरें राखणारा जसा पाठीवरचा डाग पाहून गाय ओळखतो तसें. जुन्या संगणकांतून त्यांनीं तो फॉन्ट काढून दिला. तो बसवितांच उकिरड्याच्या जागीं वडिलांचें पहिलें वाक्य उभें राहिलें.

आम्ही आनंदानें उठूं लागलों, तों मुलगी म्हणाली, "सर, एवढ्यावर थांबूं नका. हें मशीन बंद पडलें कीं पुन्हां तेंच. युनिकोडांत बदलून घ्या." मग तिनें व तिच्या मामांनीं मिळून आम्हांस जो पाठ दिला, त्याचें सार असें. पूर्वीं मराठी फॉन्ट करणाऱ्यांनीं इंग्रजी अक्षरांच्या जागीं मराठी अक्षरांचीं चित्रें बसविलीं होतीं. पडद्यावर मराठी दिसे, पण यंत्राच्या पोटांत इंग्रजी अक्षरेंच असत. म्हणजे वडिलांच्या आठवणी आम्हीं मराठींत लिहिल्याच नव्हत्या. इंग्रजी अक्षरांना मराठी अंगरखा घातला होता, आणि तो अंगरखा जुन्या संगणकाबरोबर गेला. प्रत्येक कंपनीचा अंगरखा निराळा. १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध झालेल्या युनिकोडांत मात्र प्रत्येक अक्षरास स्वतःचा क्रमांक आहे. "क" चा क्रमांक २३२५, "ळ" चा २३५५. "ॲ" ला आपल्या जागेसाठीं २००८ पर्यंत थांबावें लागलें. शिराळ्यांतील यंत्र असो कीं शिकागोतील, २३२५ म्हणजे "क" च.

त्याच १९९१ सालीं भारतीय मानक ब्यूरोनें मान्य केलेली इनस्क्रिप्ट नांवाची कळपाटीची रचनाहि आम्ही शिकूं लागलों. तींत स्वर डाव्या हाताकडे व व्यंजनें उजव्या हाताकडे. कानडी, तेलगू, गुजराती या लिपींतहि "क" त्याच कळीवर. एवढी व्याकरणशुद्ध व्यवस्था आम्हांस वीस वर्षें ठाऊक नव्हती याची लाज वाटली. मधल्या सुटींत मुलगी आमचा धडा घेई व "सर, चुकलांत, तो उजवा हात," असें निःसंकोच सांगे.

परदेशी यंत्रास मराठी शिकविण्याचें काम कांहीं आजचें नव्हे. छापण्याची कलाहि एके काळीं समुद्रापलीकडूनच आली. बंगालमधील श्रीरामपूर येथें पंचानन कर्मकार या कारागिरानें देवनागरी खिळे पाडले, आणि १८०५ सालीं विल्यम कॅरे यांचें मराठी व्याकरण तेथें छापलें गेलें. १८४२ सालीं अहमदनगरास (आतांचें अहिल्यानगर) "ज्ञानोदय" निघूं लागला. यंत्र कोणाचें, हा प्रश्न थोड्याच दिवसांत मागें पडला. त्यांतून निघालेलीं अक्षरें आपलीं झालीं, हेंच उरलें.

फाइल युनिकोडांत बदलण्यास एक मिनिट लागलें. तपासण्यास दोन महिने. कारण जुन्या पद्धतींत अक्षरें जशीं दिसतात त्या क्रमानें साठविलेलीं, आणि युनिकोडांत जशीं उच्चारतात त्या क्रमानें. "कि" मध्यें ऱ्हस्व वेलांटी आधीं दिसते, पण उच्चारांत "क" आधीं. "सूर्य" मध्यें रफार मागाहून दिसतो, पण "र" आधीं उच्चारतात. या बदलांत शेंकडों वेलांट्या व रफार भलत्याच अक्षरांवर जाऊन बसले होते. एकेक ओळ घेऊन आम्ही त्या दुरुस्त करीत बसलों. लहानपणीं आमच्या शुद्धलेखनाच्या वहींतील वेलांट्या वडील अशाच एकेक करून सुधारीत असत.

एकोणचाळिसाव्या पानावर आम्ही थबकलों. वडील आपल्या पहिल्या नेमणुकीची हकीकत सांगत होते. तेथें असें होतें: "त्या दिवशीं ओढ्याला पूर होता, तरी सात मुलें आलीं होतीं. येथें थोडें थांब, मला पाणी दे. मग त्या सात मुलांसाठीं मीं शाळा भरविली."

मधलें वाक्य आठवणींतलें नव्हे. तें आमच्यासाठीं होतें. आम्हीं तेंहि उतरून घेतलें होतें. बोटें चालत होतीं आणि कान बंद होते. तेरा वर्षें तें वाक्य तेथें पडून होतें. त्या संध्याकाळीं त्यांना पाणी मिळालें कीं नाहीं, हें आज आम्हांस आठवत नाहीं. ८४ पानांतील बाकीच्या सर्व चुका आम्हीं सुधारल्या. तें वाक्य तेवढें होतें तसें ठेविलें आहे.

विद्यार्थिमित्रहो, यंत्र दुकानांत मिळतें; तें कोठें तयार झालें हें खोक्यावर छापलेलें असतें. तुमच्या घरीं आजी-आजोबा असतील, तर त्यांचें बोलणें लिहून घ्या. कोणत्याहि यंत्रांत उघडेल अशा अक्षरांत लिहा, आणि एकाहून अधिक ठिकाणीं जपून ठेवा. मात्र सांगतां सांगतां त्यांनीं पाणी मागितलें, तर लिहिणें तेथेंच थांबवा आणि आधीं उठा.