वाटीभर फळे

पक्वान्नांच्या मांदियाळीत फळांच्या सॅलडला मानाचे पान सहसा मिळत नाही. श्रीखंडासाठी रात्रभर चक्का टांगावा लागतो, पुरण वाटावे लागते, बासुंदी आटवताना विस्तवापासून हलता येत नाही. सॅलडाला काय लागते? चार फळे, लिटरभर दूध आणि एक सुरी. परंतु जे करावयास सोपे, ते वाढावयास सोपे असतेच असे नाही. या पदार्थाची खरी परीक्षा पातेल्यात नसून पंगतीत असते.

आम्ही बडोद्याचे. पणजोबा गायकवाडी चाकरीच्या निमित्ताने इकडे आले आणि इथलेच झाले. आमच्या घरात मूळचे ते शिकरण. पिकल्या केळ्यांच्या चकत्या, थंड दूध, साखर आणि वेलदोड्याची पूड. पाहुणा हातपाय धुऊन येईपर्यंत तयार. नाव मात्र मोठ्या कुळातले. संस्कृतात ‘शिखरिणी’ म्हणजे दह्यासाखरेचा एक सुगंधी पदार्थ, आणि १७ अक्षरांचे एक वृत्तही. वृत्ते शिकविताना हे नाते सांगितले, की मागल्या बाकावरची मुलेही कान टवकारतात.

शेजारच्या गुजराती घरांतून मात्र फ्रूट सलाड आणि पुरी असा बेत असे. त्यातले पिवळसर दाट दूध म्हणजे कस्टर्ड. १८३७ साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने, पत्नीला अंडी सोसत नसत म्हणून, मक्याच्या पिठाचे बिनअंड्याचे कस्टर्ड तयार केले. एका पतीच्या त्या काळजीमुळे हा साहेबी पदार्थ शाकाहारी स्वयंपाकघरात निर्धास्तपणे शिरू शकला.

कृती थोडक्यात सांगतो. लिटरभर दुधातले अर्धी वाटी थंड दूध बाजूला काढून त्यात दोन मोठे चमचे कस्टर्ड पूड कालवावी. गरम दुधात थेट टाकल्यास गुठळ्या होतात. उरलेल्या दुधाला उकळी आली की आच मंद करून हे मिश्रण व बेताची साखर घालावी, आणि दाटपणा येताच उतरवावे. निवताना मधूनमधून ढवळावे, म्हणजे वर साय धरत नाही. पूर्ण गार झाल्यावर चिकू, सफरचंद, डाळिंबाचे दाणे, गोड द्राक्षे घालावीत. केळे मात्र अगदी पानावर बसण्याच्या वेळी चिरावे. हवा लागली की ते काळवंडते. संत्रे व अननस यांना या पंगतीत बोलावू नये. आंबटपणाने दूध फाटते, आणि कच्च्या अननसाने ते कडूही होते.

आता वाढण्याविषयी. माझ्या लहानपणी केळी चार आणि खाणारी माणसे नऊ, अशी स्थिती असे. आई ओगराळे तळापर्यंत बुडवून प्रत्येकाच्या वाटीत चकत्या येतील असे पाही. आधी आजोबा, मग पाहुणे, वडील, आम्ही मुले. शेवटी ती आणि काकू बसत, तेव्हा पातेल्यात केवळ गोड दूध उरलेले असे. त्यात पोळी कुस्करून दोघी जेवत. त्या काळी घरोघरी हीच रीत होती, आणि तिला कोणी अन्याय म्हणत नसे.

माझी सून गुजराती, आणंदकडची. लग्नानंतरच्या पहिल्याच सणाला तिने ओट्यावर सात वाट्या मांडल्या. प्रथम फळे सारखी वाटली आणि मग वरून कस्टर्ड ओतले. सातवी वाटी तिची स्वतःची होती. पहिली तिने आईपुढे ठेवली.

‘‘बा, तमे पहेलां.’’

‘‘अगं, आधी पुरुषांना दे,’’ आई म्हणाली.

‘‘सगळ्यांच्या भरल्या आहेत, बा. कुणाचं कमी होणार नाही.’’

आईला तेव्हा दात राहिले नव्हते. तिच्या वाटीत सफरचंद नव्हते, डाळिंबही नव्हते. मऊ केळे आणि चिकू, तेही चमच्याने ठेचलेले. वाटी संपवून ती म्हणाली, ‘‘शिकरण छान झालंय हो!’’ सुनेने शब्द दुरुस्त केला नाही. पुढली तीन वर्षे, २०२२ साली आई जाईपर्यंत, त्या एका वाटीला ती शिकरणच म्हणत असे. परप्रांतात आपली भाषा टिकावी म्हणून आपण सभा भरवितो, ठराव करतो, आणि ते योग्यच आहे. पण एक शब्द परक्या घरातून आलेल्या मुलीने एका वृद्धेसाठी किती सहज उचलला!

गृहिणींना, आणि आता स्वयंपाकघरात पाऊल टाकणाऱ्या पुरुषांनाही, एवढेच सांगावेसे वाटते : फळे चिरण्याआधी माणसे मोजावीत, आणि त्या मोजणीत करणाऱ्याला वगळू नये. फळे थोडी असतील तर फोडी बारीक कराव्यात. वाट्या मात्र कमी करू नयेत.