पटावरचे नाव

पेणच्या कारखान्यांत गणेशमूर्तीचा भाव तिच्या उंचीवरून व रंगकामावरून ठरतो. बाजाराचा तो रीतसर व्यवहार आहे. त्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु शाळेच्या दाराशीही आईबापांची ऐपत पाहून मुलाची जागा ठरू लागली, तर आपण अंतर्मुख व्हावयास हवे.

पेण व रोहा तालुक्यांतील कातकरी वाड्यांकडे पाहावे. पावसाळा सरला की अनेक कुटुंबे घेतलेली उचल फेडण्यासाठी वीटभट्ट्यांची वाट धरतात. मुलेही बरोबर जातात आणि वाडीवरच्या शाळेचा पट रोडावतो. शाळेची गरज तेवढीच राहते. खर्चाच्या हिशेबाला मात्र केवळ पट दिसतो. २०१७ साली राज्य शासनाने दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून तेथील मुलांना जवळच्या शाळांत सामावून घेण्याचा निर्णय जाहीर केला. डोंगरवाटेने चालणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीला ‘जवळ’ म्हणजे किती, हे त्या हिशेबात कोठे मांडावयाचे?

दुसरीकडे, ज्यांना फी परवडते त्यांच्यासाठी स्वयंअर्थसहाय्यित शाळांची वाट २०१२ च्या कायद्याने प्रशस्त झाली. या विषमतेवर थोडा उतारा म्हणून २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांच्या प्रवेशवर्गात २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी ठेवल्या होत्या. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य शासनाने नियम बदलले आणि एक किलोमीटरच्या आत शासकीय वा अनुदानित शाळा असल्यास खाजगी शाळेला या जबाबदारीतून मोकळे केले. १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. ऐपतदारांची मुले एका इमारतीत आणि गरिबांची दुसरीत, ही वाटणी नियमाने पक्की होता होता राहिली.

आपल्या ख्रिस्ती शाळांचे काय? २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून वगळले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मात्र १९६५ साली ख्रिस्ती शिक्षणाविषयीच्या घोषणापत्रात कॅथलिक शाळांनी गरिबांची विशेष काळजी वाहावी असे सांगितले आहे. न्यायालयाने दिलेली मोकळीक शुभवर्तमानाने दिलेली नाही.

पालकसभेत फी किती वाढली, हे आपण हटकून विचारतो. आपल्या शाळेच्या पटावर वाडीवरची किती मुले आहेत आणि भट्टीच्या हंगामात त्यांच्या राहण्याजेवण्याची सोय काय, हेही आता विचारू या.