अवसरी ते मानमोडी

पुणे-नाशिक हमरस्ता सोडून मंचरच्या परिसरातून अवसरी बुद्रुककडे वळले, म्हणजे दोन्ही बाजूंना ऊस-बटाट्याची शिवारे लागतात, आणि आंबेगाव तालुक्यातील या संपन्न मौजात शिरताच वाट आपोआप भैरवनाथाच्या देवळाकडे वळते. मी गेलो तेव्हा तेथे एक भटजी यजमानाच्या तळहातावर पळीने पाणी घालून संकल्प सांगत होते. श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावे कलियुग, त्याचा प्रथम चरण असे उतरत उतरत, दंडकारण्य आणि गोदावरीचे दक्षिण तीर गाठून, शालिवाहन शकातल्या त्या दिवसाच्या तिथीपाशी ते थांबले. यजमानाचे गोत्र आणि नाव उच्चारले गेले आणि पाणी ताम्हनात पडले. चार अब्ज बत्तीस कोटी वर्षांच्या कल्पात एका शेतकऱ्याची सकाळ नेमकी कोठे येते, याची ती रीतसर नोंदच होती.

कल्प म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस. आणि पुराणकथा अशी, की याच ब्रह्मदेवाचे पाचवे मस्तक भैरवाने छेदले व ते कपाल हातातून गळेपर्यंत तो काशीपर्यंत भटकत राहिला. ज्याच्या दिवसाने काळ मोजावयाचा त्यालाही छेद देणारे, आणि त्या कृत्याचे प्रायश्चित्त स्वतः भोगणारे हे दैवत आमच्या लोकांनी गावाच्या राखणीला बसविले, यात मला फार खोल समज दिसते. अनंत काळाचे भय त्यांनी टाळले नाही. त्याला वार्षिक यात्रा नेमून देऊन आपलेसे केले.

सरकारी दप्तराचा काळ निराळा. निजामशाहीच्या आरंभीचे ठाणे असलेल्या या जुन्नर प्रांतात कागदांवर सुहूर सन पडे; परंतु त्याचेही वर्ष सूर्य मृगात शिरला की पालटे, म्हणून महसुलाचा हिशेब आणि कुणब्याची पेरणी एकाच नक्षत्रावर येऊन मिळत.

नारायणगावावरून जुन्नर गाठून मी मानमोडीच्या डोंगरावर चढलो, तो तेथील एका ब्राह्मी लेखासाठी. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य, वत्सगोत्री अयम, याने पाण्याची पोढी, म्हणजे टाके, आणि मंडप पुण्यार्थ दिल्याचे तो सांगतो, आणि शेवटी वर्ष देतो: ४६. हे वर्ष शकगणनेतले धरले, तर इ. स. १२४ येते; विद्वानांत याविषयी मतभेद आहेत. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव करून त्याच्या नाण्यांवर आपले छाप उठविले. तरीही जेत्या सातवाहनांची स्मृती आणि जितांचा शक यांना आमच्या पंचांगाने ‘शालिवाहन शक’ या एकाच नावात शेजारी बसविले. अवसरीच्या संकल्पात ती दोन्ही मी ऐकून आलो होतो.

भारतीय लोक घटनांच्या कालक्रमाकडे फारसे लक्ष देत नाहीत, असे अल् बेरूनीने १०३०च्या सुमारास लिहिले, आणि पुढे अनेकांनी तेच गिरविले. राजवंशांच्या बखरी शोधणाऱ्याला त्यात तथ्य वाटेल. परंतु अयमाला वर्ष कोरावेसे वाटले ते इतिहास लिहिण्यासाठी नव्हे. दान कोणी केले, केव्हा केले, हे सांगितल्यावाचून दान पुरे होत नाही म्हणून. नाणेघाटातही सातवाहनांच्या राणीने यज्ञ आणि दक्षिणा मोजून कोरविल्या, त्यांच्या आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र आणि सूर्य यांना नमस्कार करून. आज सातवाहनांचा इतिहास आपण ज्या शिळांवरून जुळवितो, त्या बहुतांशी अशा श्रद्धेच्या पावत्या आहेत.

म्हणून पुराणकथेला फसलेला इतिहास समजणे मला अन्यायाचे वाटते. घटना केव्हा घडली हे शिलालेख सांगतो. त्या घटनेचे, आणि ती घडविणाऱ्या क्षणभंगुर माणसाचे, अफाट काळात स्थान काय, हे कथा सांगते. दोन्ही प्रश्न मनुष्याने विचारलेच पाहिजेत, आणि या मावळपट्टीतील आमच्या पूर्वजांनी त्यांपैकी एकही सोडला नाही.