चढणीचे देणे

सरकारी नोकरीत मनुष्यास दोन सवयी हटकून जडतात. आपण बोलावू तेव्हा गाडी यावी, आणि आपण निघालो की वाट मोकळी असावी. बदल्यांच्या फेऱ्यात आम्ही काश्मीरास आलो, तेव्हा सामानाबरोबर या सवयीही आल्या होत्या. गुलमर्गच्या बर्फाने त्यांतली दुसरी कशी सोडविली, त्याची ही हकीकत.

‘चिल्लई कलां’ म्हणतात ते कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस नुकतेच सरले होते. पायांस स्की बांधून गुलमर्गच्या सौम्य उतारांवर पडण्याउठण्यात आमचे दोन हिवाळे गेले होते. तिसऱ्या हिवाळ्यात धीर चेपला. गोंडोलाच्या पाळण्यात बसून आम्ही अफरवटच्या खांद्यावर, सुमारे तेरा हजार फुटांवर, जाऊन उभे राहिलो. समोर एक कोरा उतार उन्हात झळकत होता. आमच्या काश्मिरी वाटाड्यास आम्ही म्हणालो, “येथूनच उतरू.” त्याने हातातली काठी उलटी करून बर्फात खुपसली, किंचित फिरविली, आणि म्हणाला, “आज नाही, साहेब.”

कारण विचारले तर तो नुसता हसला. आम्ही निमूटपणे पाळण्यातून खाली आलो. मनात मात्र त्याची अर्धी मजुरी कापावयाचे ठरवूनच टाकले.

त्या रात्री फिरनात कांगडी घेऊन तो बोलू लागला. गुलमर्गला ‘स्की क्लब ऑफ इंडिया’ निघाला तो १९२७ साली, इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांच्या हौसेतून. त्यांचे ओझे वाहणाऱ्यांत त्याचे आजोबा होते. तेव्हा पाळणा कोठला! स्कीच्या तळाला सीलच्या कातड्याची पट्टी बांधीत. तिच्या केसांचा कल मागच्या बाजूस असल्यामुळे पाऊल पुढे सरके, पण मागे घसरत नसे. अशा पावलांनी खिलनमर्ग गाठावयाचे, तेथून आणखी वर जावयाचे, आणि मग पट्टी सोडून उतरावयाचे. तासन् तास चढाई, आणि उतरणे घटकाभराचे. १९४८च्या डिसेंबरात सैन्याची स्की शाळा येथे निघाली. १९६२ साली तिलाच उच्च पर्वतीय युद्धशाळेचे रूप आले. जवानही चढूनच शिकत. पुढे १९९८ साली गोंडोला कोंगदुरीपर्यंत आला, २००५ साली अफरवटच्या खांद्याला भिडला, आणि अर्ध्या दिवसाची चढण काही मिनिटांची झाली.

“पाळण्याने आम्हांला भाकर दिली,” तो म्हणाला, “पण पाळण्यातून बर्फ दिसतो, कळत नाही.”

दुसऱ्या दिवशी पट्ट्या बांधून आम्ही त्याच्यामागे खिलनमर्गकडे निघालो. पट्ट्या आता कृत्रिम धाग्यांच्या असतात. दम लागतो तो मात्र जुनाच. पहिल्या तासात आमचा हुद्दा गळून पडला, दुसऱ्यात बोलणे. मग पावले काहीतरी सांगू लागली. झाडांच्या आडोशाला बर्फ पिठासारखा भुसभुशीत होता, तर वाऱ्याने आणून टाकलेल्या जागी फळीसारखा टणक. एका सपाटीवर पाय टाकताच खालून ‘धप्प’ असा दबका आवाज आला, जणू कोणी ओली गोधडी आपटली. वाटाड्या थांबला. “ऐकलेत?”

त्याने हाताने खड्डा उकरून दाखविला. वर वाऱ्याने दाबलेला नवा थर होता. त्याखाली जुन्या थंडीत तयार झालेले साखरेसारखे सुटे कण. मुठीत धरले तरी ते एकमेकांस धरीत नव्हते. सपाटीवर असा थर खचतो आणि तेथेच राहतो. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर तोच थर माणसाच्या भाराने फुटला, तर अख्खी फळी सुटते आणि माणसास घेऊन जाते. काल त्याच्या काठीला हेच लागले होते.

चढणाराला बर्फ नेहमीच सोडतो असे मात्र नाही. ८ फेब्रुवारी २०१० रोजी याच खिलनमर्गला प्रशिक्षण चालू असताना हिमस्खलन झाले आणि त्या युद्धशाळेचे १७ जवान गेले. ती जागा जवळ येताच वाटाड्याने टोपी काढली. आम्हीही काढली. चढणीने अभयदान मिळत नाही. ती माणसास सावकाश नेते, आणि सावकाश जाणाऱ्याच्या कानी एखादे ‘धप्प’ पडण्याचा संभव असतो, इतकेच. सह्याद्रीत गड चढताना वाटाड्याच्या पावलावर पाऊल टाकावयास आम्ही लहानपणी शिकलो होतो. ते मध्यंतरी कधी विसरलो, हे त्या चढणीवर आठवून पाहिले, आणि उत्तर फारसे सुखाचे नव्हते.

देवदारांतल्या सौम्य उताराने आम्ही खाली आलो. चार वेळा पडलो. कालचा तो उतार दूरवर तसाच कोरा झळकत होता. त्याचे काय झाले असते, हे विचारण्याची इच्छा आता उरली नव्हती.

संध्याकाळी हिशेब केला. वाटाड्याला दोन दिवसांची मजुरी दिली, दोन्ही दिवसांची पूर्ण. पहिल्या दिवसाची देताना नोटा दोनदा मोजल्या, कारण हात थोडे थरथरत होते. त्याने ते थंडीमुळेच समजले असावे.